एकही नाव चुकलं नाही

३ ऑक्टोबर, सोमवार

चार ओळी! एका हंगामाला फक्त चार ओळी!

हिरुकावा म्हणाले, "इसोगाईबाई, चौतीस हंगाम आहेत. पुस्तक हातात मावलं पाहिजे ना." मी म्हटलं, माणसं वर्षाला एकशे तीस सामने उन्हात धावली, पडली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तुम्ही त्यांना चार ओळींत गुंडाळता? ते नुसते हसले आणि घाम पुसत बसले. हिरुकावा म्हणजे आमचे कार्यालयप्रमुख. माणूस वाईट नाही. पण घाम त्यांना बारा महिने येतो.

आमचा बेसबॉलचा संघ विकला गेला. आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रेल्वे कंपनीला तो पोसवत नाही. पुढच्या एप्रिलपासून आमचे हेरन्स, म्हणजे आख्ख्या नागीउराचे बगळे, दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने खेळणार. मैदान पाडणार. जाता जाता एक पुस्तक काढायचं, १९५५ ते १९८८, हंगामवार इतिहास. लिहायचा मी. का, तर एकतीस वर्षं कर्ण्यावरून प्रत्येक खेळाडूचं नाव मी पुकारलं म्हणून. बोलणं आणि लिहिणं एकच वाटतं या लोकांना!

शेवटी सगळ्या खेळाडूंची यादी. चारशे बारा नावं, आणि प्रत्येक नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार. ते मात्र हवंच. आमच्यात नाव लिहायचं एक आणि वाचायचं भलतंच. तीच दोन अक्षरं एका घरात एक नाव, शेजारच्या घरात दुसरं. घरच्यांना विचारल्याशिवाय देवालाही कळायचं नाही.

"ते काम तुमच्यासारखं कोण करणार?" हिरुकावा म्हणाले.

हो म्हणून आले.

५ ऑक्टोबर, बुधवार

१९५५, ५६, ५७ झाले. तिन्ही वर्षी सहावे. लीगमध्ये संघ किती? सहा! चार ओळीसुद्धा जास्त वाटायला लागल्या मला.

१९५६ मध्ये एक गंमत लिहिली आहे, हिरुकावा कापतील बहुतेक. समुद्राकडून असा वारा यायचा की आमचा कॅप्टन चेंडू मैदानाबाहेर गेला, होमरन झाला असं समजून टोपी काढून सावकाश पळत होता, आणि चेंडू हवेतून परत येऊन त्याच्याच पाठीमागे झेलला गेला. लोक इतके हसले की समोरच्या संघाचाही खेळ थांबला. मी तेव्हा नोकरीत नव्हते. वडिलांबरोबर सहाव्या रांगेत बसून भाजलेली माकुलं खात होते. एकवीस वर्षांची. किती हसले होते!

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज १९५८. माझं पहिलं वर्ष. पाचवे आलो, काय तो आनंद!

उद्या १९५९ घ्यायचं. नको. उद्या गाद्या-रजया उन्हात घालायच्या आहेत.

९ ऑक्टोबर, रविवार

एकदम १९६३ वर उडी मारली. कुणी पाहत नाही. ओळीने लिहिलं पाहिजे असं कुठे आहे?

१९६३! त्या वर्षाला चार ओळी देणाऱ्याला पाप लागेल. पंचवीस वर्षं झाली तरी न्हाव्याच्या दुकानात अजून तेच बोलतात. एका सामन्याने हुकलं. एका! शेवटच्या दिवशी जिंकलो असतो तर पहिले. काकुतानीने त्या वर्षी एकोणीस सामने जिंकून दिले. बेटावरचा मुलगा, लांब हात, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. तो पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, आला की सगळं मैदान ढोलावर चार ठोके द्यायचं, का-कु-ता-नी! त्या नावाचे बरोबर चारच ठोके होतात. पोरं शाळेत जाताना तसंच म्हणत पावलं टाकायची.

शेवटच्या सामन्यात नवव्या डावात त्याच्याच हातून धाव गेली. कुणीही त्याला एक अक्षर बोललं नाही. तो मैदानातून बाहेर जाताना लोक उभे राहिले आणि पुन्हा तेच चार ठोके. मी माझ्या काचेच्या खोलीत बसून रडले होते, माइक बंद करून.

कापून कापून सहा ओळी झाल्या. तशाच देणार. बघू काय करतात ते!

१२ ऑक्टोबर, बुधवार

जोडपत्रं आली. एका बाजूला आमचा प्रश्न, दुसरी बाजू उत्तराची, फाडून परत टाकायची. ज्यांच्या उच्चाराबद्दल शंका आहे त्या सगळ्यांना पाठवायची. "आपले नाव कसे वाचावे? तीन नोव्हेंबरला निरोपाच्या समारंभाला येणार का?" मी एकशे चाळीस पत्ते लिहिले. बोटं दुखतात.

हिरुकावांनी प्रस्तावना वाचून दाखवली. त्यात माझ्याबद्दल एक वाक्य आहे, "श्रीमती इसोगाई यांनी एकतीस वर्षांत एकही नाव चुकवले नाही." वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले असणार, नजर चुकवून. म्हटलं, "असलं काही छापू नका हो." ते म्हणाले, "बाई, सगळं गाव हेच म्हणतं. आमची ही बाकी तुमच्यावरून मुलांना टोमणे मारते, नीट बोला, इसोगाईबाईंसारखं!"

काकुतानीला जोडपत्र लिहायचं राहिलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

राहिलं नाही. लिहिलं नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा सामना. हरलो. एकतीस वर्षांत इतके हरलो की मला वाटलं होतं, सवय झाली. सवय नाही झाली.

मैदान भरलं होतं. हे लोक वर्षभर कुठे होते? रिकाम्या बाकांना नावं ऐकवून घसा बसला माझा, आणि आज आले सगळे, रुमाल घेऊन! चिडले होते आधी. मग सातव्या डावात सगळ्यांनी मिळून संघाचं गाणं म्हटलं आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही.

सामना संपल्यावर गोंदा आजोबांबरोबर चहा घेतला. त्यांनी तेहतीस वर्षं या मैदानाची माती ओढली. आता एक्क्याऐंशीचे आहेत, रोज येतात, पगार नाही तरी. म्हणाले, "पोरी, (मी त्रेपन्नची!) ते पुस्तक कुठवर आलं?"

"सत्तरपर्यंत. मधलं एक राहिलंय."

"कुठलं?"

"एकोणसाठ."

आजोबा चहात फुंकर घालत बसले. मग म्हणाले, "काकुतानी आला ते वर्ष. एप्रिल होता. पहिला सामना खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या खोलीच्या दाराशी उभा होता. टोपी हातात धरून. मी म्हटलं, पोरगं प्रेमात पडलं की काय!"

"काहीतरीच, आजोबा. दुसरा कुणी असेल."

"तेही खरं. लांब हाताची पोरं सगळी सारखीच दिसतात."

म्हाताऱ्याच्या आठवणीचं काय घेऊन बसायचं! काल त्यांनी जेवण दोनदा मागितलं असं त्यांची सून सांगत होती.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून टाकावं. वही माझी आहे, कुणाला दाखवायची नाही.

त्याचं नाव काकुतानी नाही. सुमिया आहे.

लिहायची अक्षरं दोन्हींची तीच. म्हणून पेपरात, फलकावर, बक्षिसाच्या कागदावर कुठेही चूक दिसत नाही. चूक फक्त कानाला. आणि कानापर्यंत नाव न्यायचं काम माझं.

१९५९, अठरा एप्रिल, शनिवार. नवीन खेळाडू आला की सामन्याआधी निवेदिकेने खाली खेळाडूंच्या खोलीपाशी जायचं आणि त्याला स्वतःला विचारायचं, नाव कसं वाचायचं. हा नियम. आदल्या आठवड्यात मी अशीच गेले तर प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गं, शाळेत गेली नाहीस का? अक्षरं वाचता येत नाहीत?" आतली पंधरा-वीस माणसं फिदीफिदी हसली. त्या शनिवारी सकाळी ऐनवेळी याला संघात घेतल्याची चिठ्ठी वर आली. मी पाहिलं, तीच दोन अक्षरं. आमचे गणिताचे मास्तर काकुतानी होते, तेही असंच लिहायचे. मी मनात म्हटलं, जाते कशाला परत अपमान करून घ्यायला?

आठव्या डावात तो आला. मी पुकारलं, "पिचर, काकुतानी." त्याने मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. मग त्याने ओळीने तिघांना बाद केलं आणि ढोलवाल्यांनी तिथल्या तिथे चार ठोके बसवले. झालं! नाव चिकटलं.

मला कळलं ते १९६७ साली. त्याला संघातून मोकळं केलं, तेव्हा ऑफिसात कागद आले आणि त्यावर उच्चार लिहिला होता, सुमिया. तोवर फार उशीर झाला होता. तो बेटावर परत गेला होता. नऊ हंगाम, एकसष्ट विजय, चौऱ्याण्णव पराभव, आणि एकदाही त्याचं नाव त्याच्या मैदानावर कुणी घेतलं नाही.

मी तरी काय करणार होते?

१९ ऑक्टोबर, बुधवार

आज हिरुकावांना सांगणार होते. दारापर्यंत गेले. ते फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "अहो, एकही नाव चुकलं नाही बाईंचं!" परत आले. येताना पर्सिमॉन आणले, अर्धे कच्चे निघाले.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

त्याचं जोडपत्र आलं! मी पाठवलं नव्हतं, हिरुकावांनी यादीत नाव दिसलं नाही म्हणून स्वतः पाठवलं. "तुमच्याकडून राहिलं वाटतं," म्हणाले. सरळ माणूस.

अक्षर ठसठशीत आहे. आमच्याकडची रीत पाळून, स्वतःच स्वतःला मान द्यायचा नाही म्हणून, नावापुढचं आदराचं अक्षर दोन रेघांनी खोडलंय. "समारंभाला येतो." धंदा, बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती. आणि "नाव कसे वाचावे?" ती जागा कोरी.

हिरुकावा हसले, "काकुतानीच लिहायचं, त्यात काय विचारायचं! एवढं सगळ्या गावाला माहीत आहे."

कोरी का ठेवली? सरळ लिहायचं होतं ना, सुमिया म्हणून. छापून आलं असतं. मी मोकळी झाले असते.

वाचून बघितलं वरचं. माझ्या मोकळं होण्याची त्याने का काळजी करावी?

३१ ऑक्टोबर, सोमवार

ठरलं. समारंभात सगळ्या जुन्या खेळाडूंना मीच पुकारणार आहे, एकेक करून, मैदानाच्या मधोमध उभं राहायला. तेव्हा खरं नाव घ्यायचं. गाजावाजा नाही, माफी वगैरे नाही. नुसतं बरोबर नाव घ्यायचं. त्याला कळेल. बाकीच्यांना कळलं नाही तरी चालेल.

सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना सराव केला. "पिचर, सुमिया." शेजारीण म्हणाली, "नवीन खेळाडू आला वाटतं तुमचा? आता कशाला?"

३ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमाने लिहिते.

हवा छान होती. नऊ-दहा हजार लोक असतील. जुने खेळाडू छप्पन्न आले, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला काठी. सगळ्यांना जुना पांढरा-निळा शर्ट दिला होता, निम्म्यांची बटणं लागत नव्हती. मी पुकारायची, ते एकेक धावत किंवा धावल्यासारखं करत मधे यायचे, लोक टाळ्या वाजवायचे. रडत काय होते, हसत काय होते! कॅप्टनला, त्या वाऱ्याच्या होमरनवाल्याला, चाकाच्या खुर्चीतून आणला. त्याने टोपी काढली आणि सावकाश हलवली. लोक वेडे झाले.

बाविसावा तो. मी श्वास घेतला. इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही बोलले नसेन.

"पिचर, सुमिया."

काही नाही. एक टाळी नाही. कुणाला माहीत असणार सुमिया कोण? लोक हातातले कार्यक्रमाचे कागद बघायला लागले. खिडकीखालच्या बाकांवरून एक बाई म्हणालेली मला ऐकू आली, "हा कोण गं? आपल्याकडे होता?" आणि तो मात्र निघाला. आपलं नाव ऐकलं म्हणून निघाला. धावत मधे आला, रेषेवर उभा राहिला, टोपी काढून त्या सगळ्या शांततेला कमरेत वाकून नमस्कार केला. डोक्यावर केस राहिले नाहीत. पण हात तसेच लांब.

हिरुकावा माझ्या कानाशी, "बाई, काकुतानी! काकुतानी म्हणा!"

आणि मी म्हटलं. दुसऱ्यांदा विचार न करता म्हटलं. "...काकुतानी."

मग जो आवाज झाला! ढोल कुठून काढले कोण जाणे, चार ठोके, पुन्हा चार ठोके, सगळं मैदान उभं. पंचवीस वर्षांपूर्वीसारखं. तो तिथेच उभा होता. दुसऱ्यांदा नमस्कार नाही केला त्याने. टोपी हातात घेऊन माझ्या खिडकीकडे बघत होता.

मी बाकीची चौतीस नावं कशी घेतली ते मला आठवत नाही.

नंतर बोळात हिरुकावांनी गाठलं आम्हाला दोघांना. म्हणाले, "हे सुमिया काय प्रकरण? बाई, तुमची जीभ अडखळली का?" मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. मला! बोलण्याचा पगार घेतला ज्या बाईने एकतीस वर्षं!

तोच म्हणाला, "अडखळली नाही. आमचं नाव सुमियाच. बाईंना आता कुठून तरी कळलं असेल. तेव्हा त्यांना कसं कळणार? मी कधी सांगितलंच नाही."

"एवढी वर्षं? अहो, का नाही सांगितलंत?"

"लाजाळू होतो," म्हणाला. आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

हिरुकावांचे तर डोळे भरून आले. "काय माणूस आहे!" म्हणून ते फोटोवाल्याला शोधायला पळाले.

आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "सुमियासान." तो बूट बदलत होता. खाली बघूनच म्हणाला, "आई गेली फेब्रुवारीत. ऐंशी वर्षांची होती."

मी म्हटलं, "वाईट झालं."

"हं," म्हणाला. मग बोटीची वेळ झाली म्हणून जेवणाला न थांबता गेला.

मला आईचं का सांगितलं, कोण जाणे.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर झोपून. कुणाशी बोलले नाही. मांजराशीसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

पेपरात आलंय! आपल्या गावच्या पेपरात, फोटोसकट. "लाजाळू पिचर आणि निवेदिकेची निष्पाप चूक." निष्पाप! किती गोड लिहिलंय. बेटावरून आलेला पोरगा, आपलं नाव चुकलं हे सांगायला संकोचला, आणि एकोणतीस वर्षांनी प्रामाणिक बाईने शेवटच्या क्षणी भर मैदानात चूक सुधारली. प्रामाणिक बाई म्हणजे मी.

भाजीवाल्याने पैसे घेतले नाहीत. शाळेतल्या एका मास्तरीणबाईंचं पत्र आलं, मुलांना वर्गात वाचून दाखवलं म्हणे. कुणीतरी दारात संत्र्यांची पेटी ठेवून गेलं. शेजारीण म्हणाली, "अहो, रडले हो मी! तुम्ही तर आधी काही बोलला पण नाहीत!"

पेटी तशीच दारात आहे. आत घ्यायला मन होत नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

हिरुकावांनी प्रस्तावनेतलं वाक्य बदललं. आता असं आहे, "एकतीस वर्षांत केवळ एक नाव चुकले, तेही नकळत." विचारलं, कसं वाटतं? म्हटलं, आधीचंच बरं होतं. ते म्हणाले, "छे छे, हे जास्त माणुसकीचं आहे."

यादीत त्याच्या नावावर काय छापायचं, काकुतानी की सुमिया? त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारा, मला नका. ते म्हणाले, "विचारलं. फोन केला होता. म्हणाले, बाई म्हणतील ते."

बाई म्हणतील ते! का बरं असा छळतोस रे बाबा मला?

नाही. छळत नाहीये तो. तेवढंही वाईट नाही वागत माझ्याशी. तेच सोसत नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

१९८८ संपवलं. "सहावे. शेवटचा हंगाम." यापुढे काही सुचलं नाही. सगळी वर्षं झाली, एक सोडून.

गोंदा आजोबा आजारी आहेत. भेटायला गेले तर मला ओळखलं नाही त्यांनी. सुनेला विचारत होते, "ही कोण?" ती म्हणाली, "अहो, आवाज ऐका ना. मैदानावरच्या इसोगाईबाई." ते म्हणाले, "हां, काकुतानीवाली."

हसायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

हिरुकावांचा फोन. छापखाना थांबलाय, १९५९ उद्या सकाळपर्यंत हवं. "त्यात ती नावाची गोष्ट घाला हं, पेपरातली. छान चार ओळी होतील. लोक तेच पान आधी उघडतील."

"कोणती गोष्ट?"

"अहो, तुमची! त्यांनी सांगितलं नाही, तुम्हाला कळलं नाही. दोघांचाही दोष नाही. किती सुंदर!"

दिवसभर कोतात्सुखाली, त्या शेगडीच्या ठेंगण्या टेबलाखाली, पाय घालून बसले. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं. पाचही वेळा अक्षर सुरेख आलं होतं आणि मजकूर खोटा.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी छापखान्यात जे देऊन आले तेच इथेही लिहिते, कारण १८ ऑक्टोबरला मी या वहीशीही खोटं बोलले. १९६७ नाही. पहिल्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, तो माझ्या दाराशी आला होता. म्हणाला, "बाई, आमचं नाव सुमिया. आईला वाचता येत नाही, ती बेटावर रेडिओ लावून बसते, आणि रेडिओवर तुमचंच पुकारणं जातं. काल तिला मी खेळलो हे कळलंच नाही. आज तेवढं बरोबर म्हणाल का?" माझ्या आधीच्या निवेदिकेला एका चुकलेल्या नावापायी काढलं होतं, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. मी म्हटलं, "नाव बदललं तर माझी चूक वर जाईल, माझी नोकरी जाईल. कुणाला सांगू नका." तो अठरा वर्षांचा होता. थोडा वेळ टोपी फिरवत उभा राहिला, मग "बरं" म्हणाला आणि गेला.

त्याच दुपारी मी पुन्हा काकुतानी म्हटलं.